व्यावसायिक संघटनेचा इतिहास कसा लिहावा: इतिवृत्तं, जमाखर्च आणि नोंदणीच्या कागदांतून

पन्नासावं, पंच्याहत्तरावं किंवा शंभरावं वर्ष जवळ आलं की कार्यकारिणीत ठराव होतो: संस्थेचा इतिहास लिहून घ्यावा. समिती नेमतात, तीन महिन्यांची मुदत देतात आणि शेवटी हाती येते ती स्मरणिका. त्यात शुभेच्छा संदेश, जाहिराती आणि माजी अध्यक्षांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. सराफ, औषधविक्रेते, वकील, डॉक्टर, मुद्रक, भुसार व्यापारी यांच्या संघटना असोत की जिमखाने, बहुतेकांचा छापील इतिहास एवढाच असतो. पुढची स्मरणिका आधीच्या स्मरणिकेवरून लिहितात, त्यामुळे एकदा चुकलेलं साल पन्नास वर्षं चुकीचंच छापत राहतात.

संघटनेचा खरा इतिहास सापडतो इतिवृत्तवहीत, जमाखर्चात, नोंदणी कार्यालयाच्या फायलीत आणि त्या काळच्या वर्तमानपत्रात. हे चारही जुळवून लिहायचं तर वर्षभराचा वेळ धरा. पुढची उदाहरणं पुण्या-मुंबईची आहेत. पद्धत नाशिक, सोलापूर, नागपूरलाही हीच.

स्थापनेचं साल

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, कारण संस्थेला एकच जन्मतारीख असते असं आपण धरून चालतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं उदाहरण घ्या. १९१७ साली मुंबईत आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन सुरू झाली, १९२२ मध्ये तिचं बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झालं आणि १९२९ मध्ये आजचं नाव आलं. यातलं कोणतं साल ‘स्थापना’? तिन्ही लिहायची, आणि त्या त्या साली नेमकं काय घडलं तेही.

म्हणून आपल्या टिपणवहीत सुरुवातीलाच चार रकाने आखा: पहिली बैठक, घटना मंजूर, नोंदणी, नावात बदल. बहुतेक संघटनांमध्ये पहिली बैठक आणि नोंदणी यांत काही वर्षांचं अंतर असतं, कारण नोंदणीची गरज बँकेत खातं उघडताना, जागा घेताना किंवा सरकारदरबारी निवेदन देताना पडते. एखाद्या रकान्यासाठी पुरावा नसेल तर तो रिकामा राहू द्या. अंदाज लिहायचा मोह झाला तर पेन्सिलीने लिहा.

जुन्या कागदांवरचे शक-संवत इसवीत आणताना सरसकट एकच आकडा मिळवू नका. शालिवाहन शकात गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८५६ च्या माघातली सभा १९३४ ची नव्हे, १९३५ ची. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो आणि कार्तिकी संवताचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं. कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विन ५६. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली, सन दिसेल.

नोंदणी कार्यालयातून काय मागायचं

आधी संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते ठरवा, नाहीतर चुकीच्या कार्यालयात चकरा होतील. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर धर्मादाय कार्यालय. तिथे बहुतेकदा दोन क्रमांक असतात, एक संस्था म्हणून आणि दुसरा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा. १९२६ च्या कायद्याखालची कामगार संघटना असेल तर कामगार खात्याचा निबंधक. चेंबरसारख्या मोठ्या व्यापारी संस्था पुष्कळदा नफा न वाटणाऱ्या कंपन्या असतात: १९१३ च्या कंपनी कायद्यात कलम २६, १९५६ च्या कायद्यात कलम २५, २०१३ च्या कायद्यात कलम ८. त्यांचे कागद कंपनी निबंधकाकडे.

विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या संस्थांसाठी एक अडचण जास्तीची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि औरंगाबाद हैदराबाद राज्यात. त्याआधीची मूळ नोंदणी आजच्या कार्यालयात सापडली नाही म्हणजे ती झालीच नव्हती असं नाही.

धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करताना क्रमांक हवाच. तो जुन्या पावतीपुस्तकावर, लेटरहेडवर किंवा लेखापरीक्षण अहवालाच्या पहिल्या पानावर मिळतो. मागायचे कागद असे: मूळ घटना आणि नियमावली, परिशिष्ट एकचा (संस्थेची आणि तिच्या विश्वस्तांची नोंद असलेला) उतारा आणि आजवरचे सगळे बदल अर्ज, म्हणजे कार्यालयीन भाषेत चेंज रिपोर्ट. जुने ताळेबंदही मागून पाहा, मात्र ते मिळतीलच यावर विसंबू नका. तुम्ही संस्थेबाहेरचे असाल आणि नक्कल अर्ज अडला, तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करता येतो. खासगी संघटनेला तो सहसा लागू होत नाही, पण तिने सरकारी कार्यालयात दाखल केलेल्या कागदांसाठी मागणी करता येते.

मूळ घटनेवर किमान सात जणांच्या सह्या असतात, कारण १८६० च्या कायद्याला सात माणसं लागतात. नियामक मंडळाची नावं, पत्ते आणि व्यवसायही तिथेच मिळतात. संस्थापक कोण होते, याचा हा पहिला पक्का पुरावा. तरी सही करणारे सगळेच संस्था उभी करणारे असतील असं समजू नका. संख्या भरायला ओळखीतले दोघे-तिघे घेण्याची पद्धत जुनीच आहे. पहिल्या दोन वर्षांच्या सभांना यांतले कितीजण हजर होते ते इतिवृत्तात पाहा, म्हणजे उलगडा होईल.

बदल अर्जांवरून पदाधिकाऱ्यांची यादी बनवताना एक लक्षात ठेवा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असा १९५० च्या कायद्याच्या कलम २२ चा नियम आहे, पण निवडणुकीवर वाद झाला की अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. तोवर परिशिष्टावर जुनीच नावं दिसतात. एखादा अध्यक्ष इतिवृत्तात आहे आणि परिशिष्टात नाही, तर तिथे बहुधा भांडण होतं. ते शोधा. इतिहासातलं एक प्रकरण तिथेच असतं.

कपाट उघडण्यापूर्वी

पावसाळ्यात दमट गठ्ठे सोडू नका. पानं चिकटलेली असतील तर पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळू द्या; उन्हात कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. गंजलेल्या टाचण्या ओढून काढल्या की कागद फाटतो. टाचणीखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून ती हळूच वर घ्या. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. हात धुऊन कोरडे केले की पुरे, हातमोज्यांची गरज नाही. मोज्यांनी पान उलटताना कडा तुटतात.

मजकुराची पानं ३०० डीपीआयवर, फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. वहीचं बांधलेलं पान स्कॅनरवर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने टिपा. कोरी पानंसुद्धा टिपायची. मधली चार पानं कोरी सोडून पुढची सभा लिहिलेली असेल तर तो पुरावा आहे: चिटणीसाने इतिवृत्त नंतर लिहायचं ठेवलं आणि ते राहून गेलं. फाइलचं नाव वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक यांवरून द्या, विषयावरून नको. विषय वाचताना बदलतात.

पुण्यात हमखास ऐकू येतं की जुनी कागदपत्रं पानशेतच्या पुरात गेली. १२ जुलै १९६१ च्या पुरात नदीकाठच्या पेठांमधल्या कित्येक कचेऱ्यांचं दप्तर खरोखरच गेलं. पण हे उत्तर ऐकून थांबू नका. १९६०-६१ च्या लेटरहेडवरून किंवा पावतीवरून त्या वेळचा पत्ता काढा. जागा नारायण पेठेत तळमजल्यावर होती की कँपात, की माडीवर, त्यावर सगळं अवलंबून आहे. पूर जिथे पोचलाच नाही तिथलं दप्तर ‘पुरात गेलं’ असेल, तर ते बहुधा एखाद्या माजी चिटणीसाच्या घरी आहे. खरोखर गेलं असेल, तर लेखापरीक्षकाकडची प्रत, मध्यवर्ती संघटनेला पाठवलेले वार्षिक अहवाल आणि सभासदांच्या घरातले छापील अहवाल, या क्रमाने शोधा.

इतिवृत्त वाचायचं कसं

आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाचायला बसलात तर तिसऱ्या वहीला कंटाळून सोडाल. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य शेकडो वेळा येतं. आधी फक्त तारीख, हजेरी, अध्यक्षस्थानी कोण आणि ठरावांचे विषय एवढंच तक्त्यात उतरवून घ्या. मग तक्ता पाहा. सभा दर महिन्याला होत असताना अचानक महिन्यात चार झाल्या, हजेरी नऊवरून साठवर गेली, की तिथे थांबा आणि ती पानं शब्दन् शब्द वाचा.

हे उंचवटे कुठे येतील याचा अंदाज आधीच बांधता येतो, कारण व्यावसायिक संघटना जागी होते ती कायद्याने. सराफ संघटनेची वही असेल तर जानेवारी १९६३ काढा. सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली आणि देशभर सुवर्णकार बेकार झाले. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हाचीही पानं पाहा, आणि मार्च-एप्रिल २०१६ मधला अबकारी कराविरुद्धचा बंदही. औषधविक्रेत्यांसाठी १९४८ चा फार्मसी कायदा, वकिलांसाठी १९६१ चा अॅडव्होकेट्स कायदा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. डॉक्टरांच्या संघटनांमध्ये १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापेक्षा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जास्त खळबळ उडवून गेलेला दिसेल, कारण वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते हे तिथे पक्कं झालं. दुकानदारांसाठी १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा, पुण्याच्या व्यापाऱ्यांसाठी एप्रिल २०१३ मध्ये जकातीच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेकांची त्यातून झालेली सुटका. आपल्या व्यवसायाच्या कायद्यांची अशी सालवारी भिंतीवर लावूनच वाचायला बसा.

मंजूर ठराव सगळेच वाचतात. मागे घेतलेले, तहकूब केलेले आणि मताला टाकून पडलेले ठराव वेगळ्या रंगात नोंदवा. ‘चर्चा होऊन एकमताने’ असं लिहिलेलं असलं तरी ती चर्चा किती वेळ चालली हे सभेच्या सुरुवातीच्या आणि समाप्तीच्या वेळेवरून कळतं. साडेसहाला सुरू झालेली सभा रात्री अकराला संपली असेल तर एकमत सहज झालेलं नाही. कोरम नसल्याने अर्धा तास तहकूब करून तिथेच पुन्हा भरवलेल्या सभाही मोजा. सलग तीन-चार वर्षं असंच चाललं असेल तर संघटना कागदावर उरली होती.

नावांची नोंदवही स्वतंत्र ठेवा. ‘श्री. जोशी यांनी सूचना मांडली’ असं लिहिणाऱ्या चिटणीसाला चारही जोशी ओळखीचे होते, तुम्हाला नाहीत. आद्याक्षरं, दुकानाचं नाव आणि पत्ता यांवरून प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि खात्री होईपर्यंत दोन जोशींचे एक करू नका. बाप आणि मुलगा एकाच आद्याक्षराचे असतात तेव्हा ही काळजी विशेष लागते. जुन्या वह्यांची पानं मोडीत असतील तर ती सोडून पुढे जाऊ नका, मोडी वाचणाऱ्याला मानधन देऊन लिप्यंतर करून घ्या. सुरुवातीचीच पानं मोडीत असण्याचा संभव जास्त.

जमाखर्चातून सभासद मोजणं

सभासदसंख्येच्या बाबतीत अहवालावर विश्वास ठेवू नका. अहवालात पटावरची संख्या असते. पैसे भरणारे किती, ते वर्गणीच्या जमेवरून काढायचं. १ एप्रिल १९५७ पूर्वीचे आकडे रुपये-आणे-पैत आहेत: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. समजा १९३८ साली वर्गणी दरमहा चार आणे, म्हणजे वर्षाला तीन रुपये होती आणि वर्गणीची जमा १८७-८-० आहे. ती झाली एकशे साडेसत्त्याऐंशी रुपये. तीनने भागल्यावर साडेबासष्ट. अर्धा सभासद नसतो. म्हणजे कुणी मध्येच आलं किंवा कुणाची थकबाकी राहिली. अहवाल शंभर म्हणत असेल तर एकतृतीयांशापेक्षा जास्त लोक वर्गणी देत नव्हते.

या हिशोबात दोन गोष्टी दगा देतात. मागील थकबाकी त्याच खात्यात जमा धरलेली असते, ती वजा करा. आणि आजीव सभासदांचे पैसे वर्गणीत न येता कायम निधीत जातात, त्यामुळे आजीव सभासद वाढले की वर्गणी घटते आणि संस्था खंगली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हिशोबाचं वर्षही तपासा. १९८९ पासून आयकराने सगळ्यांना एप्रिल-मार्च केलं. त्याआधी कुणाचं दिवाळी ते दिवाळी, कुणाचं जानेवारी ते डिसेंबर. रोटरी आणि लायन्सचं वर्ष जुलै ते जून, जेसीचं जानेवारी ते डिसेंबर. ‘१९६५ चे अध्यक्ष’ असं रोटरी क्लबबद्दल लिहिलंत तर दोन माणसं त्यावर हक्क सांगतील. ‘१९६५-६६’ असंच लिहा.

तारीख नसलेला कागद

तारखेवाचूनची पत्रकं आणि पावत्या फेकू नका. ‘नवे पैसे’ छापलं असेल तर कागद १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात ‘पुणे ३०’ असेल तर बहुधा ऑगस्ट १९७२ पूर्वीचा, ‘४११ ०३०’ असेल तर नक्की नंतरचा, कारण सहा आकडी पिनकोड तेव्हा आला. दूरध्वनीच्या आधी ०२१२ असेल तर पुण्याचा कोड ०२० होण्यापूर्वीचा. जुनं लेटरहेड संपेपर्यंत वापरतात हे मात्र विसरू नका: नवी खूण ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच निश्चित सांगते, जुनी खूण फक्त शक्यता दाखवते.

वर्तमानपत्रं

इतिवृत्तातून वार्षिक सभेच्या आणि बंदच्या तारखा काढल्याशिवाय ग्रंथालयात जाऊ नका. वर्षाचे अंक चाळत बसण्यात महिने जातात. प्रत्येक तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस पाहा. आधीची बातमी काय होणार ते सांगते, नंतरची काय झालं ते. दोन्ही मिळाल्याशिवाय ‘सभा झाली’ असं लिहू नये. पुण्यासाठी १८४९ ते १९५१ ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ पासून ‘केसरी’, १९३२ पासून ‘सकाळ’. इंग्रजी सूचीत शहर आणि संस्था जुन्या स्पेलिंगने, पूना आणि बॉम्बे या नावांखाली शोधा. श्रद्धांजलीच्या जाहिराती जरूर टिपा, माजी पदाधिकाऱ्यांच्या निधनाच्या तारखा तिथे बिनचूक मिळतात.

काही संघटनांना इतिवृत्तच नसतं आणि तरी त्या महत्त्वाच्या असतात. मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना १८७५ ची, तिचे छापील अहवाल आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभी केलेली गिरणी कामगारांची संघटना मात्र सभासदांची यादी, निधी किंवा नियमावली यांवाचून चालत होती. तिचा इतिहास लिहायचा तर अर्ज, सरकारी आयोगापुढच्या साक्षी आणि ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र यांवरून लिहावा लागतो. हॉटेलमालकांच्या किंवा मुद्रकांच्या संघटनेचा इतिहास लिहिताना त्याच धंद्यातल्या कामगारांची संघटना शोधा. मालकांच्या वहीत ‘गैरसमजातून उद्भवलेला तंटा’ म्हणून एका ओळीत आटोपलेला प्रसंग तिकडे तीन महिन्यांचा संप असतो.

मुलाखती

माजी अध्यक्षांच्या आधी जुन्या कारकुनाला भेटा. वर्गणी कोण गोळा करायचं, कपाटाची किल्ली कुणाकडे असायची, सभेला चहा कुठून यायचा हे त्याला माहीत असतं, आणि त्यातूनच संस्था प्रत्यक्षात कोण चालवत होतं ते कळतं. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नका. साल विचारू नका. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कार्यकारिणीत होता का?’, ‘आणीबाणीत सभा व्हायच्या का?’ असं विचारलं की १९६१, १९६७, १९७५ या खुंट्यांवर बाकीचं नीट बसतं. समूहचित्राची झेरॉक्स सोबत न्या, प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक टाका आणि नावं किमान दोघांकडून वेगवेगळी लिहून घ्या. छापण्याची संमती तिथेच लेखी घ्या.

क्लब आणि जिमखाने

इथे इतिवृत्ताइतकीच जमीन महत्त्वाची. १९०६ साली सुरू झालेल्या डेक्कन जिमखान्याचं नाव पुण्यात एका अख्ख्या भागाला मिळालं; अशा संस्थेचा इतिहास खेळाच्या करंडकांवरून लिहिला तर अर्धा राहतो. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मूळ भाडेपट्टा आणि त्याची नूतनीकरणं मिळवा. कँपातल्या क्लबांसाठी कँटोन्मेंटची जमीन नोंदवही. भाडेपट्टा संपत आल्याची वर्षं आणि सभासद शुल्क वाढल्याची वर्षं शेजारी मांडा, पुष्कळ ठराव तिथे उलगडतील. सभासद कुणाला होता येत होतं, स्त्रियांना मताचा हक्क कधी मिळाला, हे नियमावलीच्या प्रत्येक आवृत्तीत पाहा.

छपाईपूर्वी

प्रत्येक वाक्याच्या शेजारी कच्च्या खर्ड्यात पुरावा लिहा: वही, पान, तारीख. पुरावा नसलेली वाक्यं वेगळी काढा. ती ‘सभासदांच्या आठवणी’ या प्रकरणात जातील. भांडणं गाळू नका, मात्र न्यायप्रविष्ट वादावर दोन्ही बाजूंचे दाखल कागद सोडून काही लिहू नका. पदाधिकाऱ्यांच्या यादीत जागा रिकामी असेल तर रिकामी छापा. ती पाहून कुणीतरी वही घेऊन येतं.

डेमी आकारात एक फर्मा सोळा पानांचा, म्हणून मजकूर सोळाच्या पटीत बसवा: दहा फर्मे म्हणजे १६० पानं. नामसूचीला निम्मा फर्मा राखून ठेवा, ती वाचकाला सगळ्यात जास्त लागते आणि सगळ्यात आधी कापली जाते. स्कॅन केलेल्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, एक शहरातल्या जुन्या ग्रंथालयात, आणि मूळ वह्या कुठल्या कपाटात परत गेल्या त्याची यादी करून चिटणीसाची पोच घ्या.